बँकेची नोकरी, एक नाटक आणि मुंबईहून आलेला कागद

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि त्यासोबत दिलेलं नाटकातलं पान चारदा. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमची हकीकत थोडक्यात मांडते. तुमचं वय २९. नागपुरात सहकारी बँकेत नोकरी, घरी निवृत्त वडील, आई, शिकणारी धाकटी बहीण. सहा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम करताय, दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. तीन एकांकिका आणि दोन अंकांचं एक नाटक लिहिलं, त्या नाटकातली मुख्य भूमिका तुम्हीच केली. एका सिनेमात तीन दिवसांचं काम झालं. आता मुंबईच्या एका निर्मात्यानं संहिता मागितली आहे आणि सहीसाठी एक पानी कागद पाठवला आहे. तुमचे प्रश्न दोन: नट व्हावं की लेखक? आणि नोकरी सोडून मुंबईला जावं का?

पहिल्या प्रश्नात मला अडचण दिसते. सगळे तुम्हाला ‘एक काहीतरी ठरव’ म्हणतात, म्हणून तुम्हीही तसंच विचारताय. पण तुम्ही दोन्ही करताच आहात आणि दोन्ही सोडणार नाही, हे तुमच्या पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. तेव्हा निवड कशाची हा प्रश्नच नाही. ही दोन कामं एकाच अंगात राहतात तेव्हा एकमेकांना काय देतात आणि एकमेकांचं काय खातात, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे. मुंबई, नोकरी आणि तो कागद, तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

माझ्याविषयी एवढंच. नागपूरच्या महाल भागात वाढले. १९८९ साली पहिल्यांदा स्पर्धेच्या नाटकात उभी राहिले. वीज मंडळात नोकरी केली, एकतिसाव्या वर्षी ती सोडून मुंबईला गेले, अकरा वर्षं तिथे काढली, मग परत आले. पाच नाटकं लिहिली. त्यातल्या तीन नाटकांचे बरे प्रयोग झाले. व्यावसायिक रंगभूमीवर, मालिकांत आणि काही सिनेमांत कामं केली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे दोन हंगामही केले. त्यांच्याबद्दल पुढे सांगते, कारण लेखनाचा सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. तुम्हाला पडद्यावर तरुण नायकाच्या भूमिका करायच्या असतील तर वय धावतंय आणि मग माझा ‘थांबा’ हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. चरित्र भूमिका करायच्या असतील तर चाळिशीतला चेहरा एकोणतिशीतल्यापेक्षा जास्त कामाचा असतो. घरचा खर्च तुमच्या पगारावर किती चालतो, बँक बिनपगारी रजा देते का, वडिलांची तब्येत कशी आहे, हे मला माहीत नाही, आणि यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलतं. प्रशिक्षणाचं म्हणाल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि प्रवेशाची वयोमर्यादा साधारण तिशीपर्यंत. ते मनात असेल तर यंदाच अर्ज करा. नसेल तर त्याची हळहळ बाळगू नका.

आता मुख्य मुद्दा. नाटक लिहिणाऱ्याला नागपूर सोडावं लागत नाही, नटाला सोडावं लागतं. महेश एलकुंचवारांनी आयुष्यभर नागपुरात इंग्रजीचं अध्यापन केलं आणि इथेच बसून लिहिलं. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी मुंबईत उभं केलं, त्यातलं घर मात्र आपल्या विदर्भातल्या देशपांड्यांचं. त्या वाड्यातली माणसं, त्यांचं बोलणं, त्यांचा पोकळ झालेला दिमाख, हे मुंबईत खोली घेऊन सापडलं असतं असं मला वाटत नाही. संहिता टपालानं जाते, आता तर फोनवरूनही जाते. नटाला मात्र अंगानं हजर व्हावं लागतं. सकाळी अकराला फोन येतो, ‘चारला अंधेरीत या’. तुम्ही इथे नागपुरात मानेवाड्यात असाल तर ते काम दुसऱ्याला जातं. आता ऑडिशनचे व्हिडिओ घरून पाठवता येतात, पण लुक टेस्टला पुन्हा जावंच लागतं. समृद्धी महामार्ग आता ७०१ किलोमीटर सलग झालाय, विदर्भ एक्स्प्रेस आहे, दुरांतो आहे. तरी महिन्यातून दोनदा जाऊन-येऊन हे काम होत नाही. मी दीड वर्षं करून पाहिलं. पगाराचे पैसे तिकिटात गेले आणि तालमीला मी नेहमी थकलेली पोचले.

कधीकधी पडदा आपल्याकडे येतो. ‘कोर्ट’ या सिनेमातली नारायण कांबळेची मुख्य भूमिका केली ती आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ते आयुष्यभर चळवळीत राहिलेले कार्यकर्ते, व्यवसायानं नट नव्हते. ‘झुंड’साठी नागराज मंजुळ्यांनी इथल्या वस्त्यांमधली मुलं घेतली. या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यावर करिअरचा हिशोब मांडता येत नाही. असं काम आलं तर करावं, त्याची वाट पाहत बसू नये.

नोकरीबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘नोकरी धरून बसलेला माणूस खरा कलावंत नसतोच असं ग्रुपमधले म्हणतात.’ हे वाचून मला वाईट वाटलं, कारण आपल्याच गावातली उदाहरणं त्यांना ठाऊक दिसत नाहीत. ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे, त्या गायक-नट वसंतराव देशपांड्यांनी अनेक वर्षं लष्कराच्या हिशोब खात्यात नोकरी केली. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी आकाशवाणीत काम करत रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था चालवली, मुलांची नाटकं बसवली आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक लिहिलं. पुण्याच्या सतीश आळेकरांची ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ ही सत्तरच्या दशकातली नाटकं. तेव्हा ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला होते. पुढे साठी ओलांडल्यावर ‘व्हेंटिलेटर’सारख्या सिनेमांतून ते नव्या पिढीला नट म्हणून ठाऊक झाले. म्हणजे लेखन आधी आणि पडद्यावरचा अभिनय उतारवयात भरात, असाही क्रम असू शकतो. गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ आलं तेव्हा ते मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये काम करत होते. सिनेमातला अभिनय १९७०च्या ‘संस्कार’पासून, त्यानंतर.

या सगळ्यांनी नोकरीतून एक गोष्ट मिळवली: लेखनाकडून पैशाची अपेक्षा करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. नटाला पैसा मिळतो, पण दिवसावर किंवा प्रयोगावर. व्यावसायिक नाटकात ‘नाइट’ मिळते, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. मालिकेत दिवसाचे पैसे ठरतात आणि ते हातात पडायला तीन महिने जातात. नव्या माणसाला मुंबईत पोचल्यावर पहिला फटका बसतो तो इथे. काम मिळालं, चेहरा दिसला, गावाकडून अभिनंदनाचे फोन आले आणि भाड्याला पैसे नाहीत. म्हणून जायचं ठरलंच तर निदान आठ-नऊ महिन्यांचा खर्च गाठीशी हवा. घरी पाठवायची रक्कम त्यात वेगळी धरा.

आता अभिनय लेखनाला काय देतो ते. झाडीपट्टीत काम करायला मी गेले ते पैशासाठी, हे सरळ सांगते. दिवाळीनंतर धान निघालं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचं केंद्र, बहुतेक मंडळांची कार्यालयं तिथेच. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असते, पाहुणे आलेले असतात, रात्री दहाला नाटक उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. एक प्रयोग संपला की गाडीत झोपायचं आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात उभं राहायचं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांना झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा कळला.

तिथे तालमी थोड्या आणि प्रॉम्प्टर मोठा. विंगेत बसून तो वाक्य टाकतो, ते तुम्ही कानानं उचलायचं आणि भावनेसकट समोरच्या हजारो माणसांपर्यंत पोचवायचं. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले. मग लक्षात आलं की काही वाक्यं सहज उचलली जातात आणि काही कितीही वेळा टाकली तरी तोंडात बसत नाहीत. जी बसत नाहीत त्यांत दोष माझा नव्हता, प्रॉम्प्टरचाही नव्हता. त्या वाक्यात दोन विचार कोंबलेले असायचे, किंवा महत्त्वाचा शब्द मधेच कुठेतरी अडकलेला असायचा. एका श्वासात टाकता येतं आणि एका श्वासात उचलता येतं, ते वाक्य बोलायचं. बाकीचं वाचायचं. त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक नाटकाचं प्रत्येक पान मी कुणालातरी शेजारी बसवून, हळू आवाजात टाकायला लावून तपासलं आहे. आधी हे काम माझी बहीण करायची, आता भाची करते. पहिल्याच अंकातली तिसऱ्या हिश्श्याएवढी वाक्यं अशी पडतात. हे ज्ञान टेबलाशी बसून मला आलं नसतं.

अभिनय आणखी एक गोष्ट देतो. नटाला तालमीत उठायला, बसायला, दाराशी जायला कारण लागतं. मी लेखिका म्हणून ‘तो खिडकीशी जातो’ असं सहज लिहायचे. नटी म्हणून खिडकीशी जायला सांगितलं की मी दिग्दर्शकाला विचारायचे, ‘का?’ आपण आपल्यालाच हा प्रश्न विचारायला लागलो की रंगसूचना कमी होतात आणि प्रसंग घट्ट होतो.

आणि खातो काय? इथे माझा अनुभव कडू आहे. एका मालिकेत मला मावशीची भूमिका मिळाली. महिन्यातले अठरा-वीस दिवस, बारा तासांची शिफ्ट. ही भूमिका तीन वर्षं चालली. आयुष्यात पहिल्यांदा बँकेत पैसे साठले, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या तीन वर्षांत मी नाटकाचं एक पान लिहिलं नाही. वेळ नव्हता असं नाही, सेटवर चार-चार तास नुसतं बसून असायचे. कान भरलेले असायचे. सकाळी आलेले संवाद दुपारी बोलायचे, संध्याकाळी विसरायचे, उद्या पुन्हा नवे. तीच तीच वाक्यरचना रोज तोंडात घोळली की आपल्या माणसांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. मालिका संपल्यावर पहिला चांगला प्रवेश लिहायला मला सात महिने लागले. इतरांचं वेगळं असू शकेल. मालिका करता करता उत्तम नाटकं लिहिणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. माझ्या कानाला ते जमलं नाही. तुमचं काय होतं हे तुम्हाला पहिल्या सहा महिन्यांत कळेल, तेव्हा स्वतःशी खोटं बोलू नका. सिनेमाचं काम त्या मानानं सोसतं. दहा-पंधरा दिवस सलग जातात आणि मग तुम्ही मोकळे.

यापेक्षा सूक्ष्म असा एक धोका आहे. नट लिहायला बसला की तो स्वतःसाठी लिहितो. मीही लिहिलं. माझ्या दुसऱ्या नाटकातल्या नायिकेला चार स्वगतं होती आणि बाकीची पात्रं तिला प्रश्न विचारण्यापुरती आत येत होती. स्पर्धेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. नाटकाला मिळालं नाही आणि ते माझ्याविना पुन्हा कुणी केलंही नाही. उलट ‘कट्यार’ पाहा. १९६७ साली ते रंगभूमीवर आलं, खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांनी गाजवली, आणि ती दारव्हेकरांनी दुसऱ्या माणसाच्या गळ्यासाठी लिहिली होती. वसंतराव १९८३ साली गेले. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ते नाटक पुन्हा उभं केलं, २०१५ साली त्याचा सिनेमा झाला. भूमिका एका नटाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकली. स्वतःसाठी लिहूच नये असं मी म्हणत नाही. दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ लिहिलं आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतः केल्या. पण त्या सहा भूमिका सहा वेगळी माणसं आहेत, म्हणून पुढे पुष्कर श्रोत्री यांना त्या करता आल्या. कसोटी ही: तुम्ही आजारी पडलात तर तुमचं नाटक दुसरा नट करू शकेल का, आणि त्याला ते करावंसं वाटेल का?

आता त्या कागदाबद्दल, कारण हे तातडीचं आहे. तुम्ही त्यातलं वाक्य उतरवून दिलं आहे: ‘सदर नाटकाचे सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे राहतील.’ मानधनाच्या जागी ‘परस्पर संमतीने’. यावर सही करू नका.

मी केली होती. निर्मात्याचं नाव घेत नाही. मुंबईतलं दुसरं वर्ष, नाटक वाचून त्यांनी पाठ थोपटली, चहा मागवला, कागद पुढे केला, मी वाचलाही नाही. पाच हजार रुपये मिळाले. नाटक सात वर्षं त्यांच्या कपाटात पडून राहिलं. मधे कोल्हापूरच्या एका संस्थेनं ते मागितलं तर मला ‘नाही’ म्हणावं लागलं. शेवटी एका वकील मैत्रिणीनं पत्र लिहून दिलं आणि त्यांनी हक्क परत केले, वादावादीही झाली नाही. त्यांना त्या नाटकाची आठवणही नव्हती. माझी सात वर्षं मात्र गेली, आणि तोवर नाटकातला विषय शिळा झाला होता.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटक लिहिलं गेलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी केली नसली तरी. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकंच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती काळासाठी दिला हे कागदात लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारतापुरता धरतो. घेणाऱ्यानं एका वर्षात तो हक्क वापरला नाही तर तो संपतो, पण कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द एवढा महाग असतो, कायद्यानं दिलेलं संरक्षण तो काढून घेतो. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा आणि संहितेची मोडतोड होऊन तुमच्या नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

तुम्ही काय द्यावं? मराठी व्यावसायिक रंगभूमीवरचे प्रयोग, तेवढंच. दोन किंवा तीन वर्षांसाठी. एका वर्षात शुभारंभाचा प्रयोग झाला नाही तर हक्क आपोआप परत. प्रयोगामागे ठरलेलं मानधन, आकड्यात. जाहिरातीत आणि तिकिटावर नाव. बदल तुमच्या संमतीनं. सिनेमा, मालिका, वेब, भाषांतर, ध्वनिनाट्य यांचे हक्क तुमच्याकडे, असं स्पष्ट वाक्य. हौशी आणि स्पर्धेच्या प्रयोगांना परवानगी देण्याचा अधिकारही तुमच्याकडे ठेवा. विदर्भातल्या लेखकाचं नाटक जिवंत राहतं ते याच प्रयोगांवर. चांगला निर्माता यातल्या एक-दोन गोष्टींवर घासाघीस करेल, पण उठून जाणार नाही. उठून गेलाच तर तो नाटक करणार नव्हता. आणि सही करण्याआधी हा कागद कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला दाखवा, तो खर्च टाळू नका.

स्पर्धेच्या वेळी तुमच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं असेलच. त्याची मूळ प्रत आणि शिक्का मारलेली संहिता ग्रुपच्या सूत्रधाराकडे असेल. ती मागून घ्या, तुमच्या घरी ठेवा. प्रयोगाला तर ती लागतेच, शिवाय अमुक तारखेला ही संहिता तुमच्या नावावर होती याचा तो शासकीय पुरावा आहे.

मग मुंबईचं काय? मला विचाराल तर यंदा नाही. तोवर लेखणी नागपुरात पक्की करा. दुसरं नाटक लिहा, ज्यात तुम्ही काम करणार नाही. पहिलं नाटक दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या संस्थेला करायला द्या, आणि तुम्ही जाऊन प्रेक्षकांत बसा. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रासाठी श्रुतिका लिहून पाहा. तिथे चेहरा नाही, नेपथ्य नाही, फक्त बोलणं, त्यामुळे वाक्य लगेच उघडं पडतं. झाडीपट्टीचा एक हंगाम जमला, निदान चार-सहा प्रयोग, तर नक्की करा, रजा जाईल पण जाऊ द्या. दीड-दोन वर्षांनी हातात दोन खेळून पाहिलेली नाटकं असतील, बँकेत पैसे असतील. तेव्हा शक्य असेल तर नोकरी न सोडता एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन जा. मुंबईत हजारो नट रोज दार ठोठावतात. त्यांत ‘माझी दोन नाटकं आहेत, वाचता का?’ असं म्हणू शकणारे थोडे असतात. मला तिथली पहिली चांगली भूमिका अशीच मिळाली. दिग्दर्शकानं माझं नाटक नाकारलं, पण वाचताना मी कशी बोलते ते त्यानं ऐकलं होतं.

भाषेबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंत, की मालिकेच्या ऑडिशनला ‘तुमचा टोन विदर्भातला आहे’ असं सांगून परत पाठवलं, तर तो घालवावा का? प्रमाण उच्चार शिका, मेहनत घेऊन शिका, तो नटाच्या हत्याराचा भाग आहे. पण घालवू काहीच नका. ‘काय करून राहिला’ हे वाक्य पडद्यावर बहुतेक वेळा नोकराच्या नाही तर विनोदी पात्राच्या तोंडी येतं, याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे त्याच भाषेत माणसं मुलं वाढवतात, जमिनीचे वाद घालतात, मेलेल्यासाठी रडतात. आणि ती भाषा एक नाही. नागपूरची वेगळी, अकोल्याकडची वऱ्हाडी वेगळी, ‘ण’चा ‘न’ करणारी झाडीबोली वेगळी. हा फरक कानानं ओळखणारे लेखक मुंबईत फार नाहीत. ती तुमची पुंजी आहे, ऑडिशनवाल्याच्या एका शेऱ्यावरून ती टाकून देऊ नका.

आता तुम्ही दिलेल्या पानाबद्दल. वडिलांच्या निवृत्तीच्या रात्रीचा प्रसंग, मुलगा घर सोडून जायचं म्हणतो. मुलाची भूमिका तुमची. मी मोजलं: पानावर मुलाची ३१ वाक्यं आहेत, वडिलांची नऊ, आईची चार. त्या चारांतली तीन ‘अरे पण’नं सुरू होतात आणि मुलगा ती तोडतो. चौथं तुटत नाही. आई ताटं उचलता उचलता म्हणते, ‘तुह्या बापानं तीस वर्षं डबा परत आणला नाही रिकामा, एक पोळी ठेवायचा माह्यासाठी.’ मुलगा ते ऐकत नाही आणि पुन्हा आपलं सुरू करतो. प्रश्न असा की नाटककारानं तरी ते ऐकलं का? अख्ख्या पानावर मला नवरा-बायकोचा संसार दिसला तो त्या एका वाक्यात. मुलाच्या ३१ वाक्यांमधून मला फक्त तुम्ही दिसलात.

हा प्रवेश पुन्हा लिहा. मुलाला दहाच वाक्यं द्या. मग तीन जणांना घेऊन वाचन करा, मुलाचं काम ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, आईचं तुम्ही वाचा. जिथे तुम्हाला, आई म्हणून, अजून काही बोलावंसं वाटेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. ते पान मला पाठवा. मी वाचेन.